किरकोळ जखम कोणती?

हुबळीच्या कमरीपेठेसारख्या दाट वस्तीत गल्लीतले कुत्रे एका घराचे नसते. चार दारांतून त्याला भाकरी मिळते. त्याच्या पंजाला काच लागली म्हणजे मात्र चारही दारांतून एकच उद्गार निघतो, ‘किरकोळ आहे, चाटून बरे करील.’ किरकोळ हे ठरविण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला? ज्याला दुखते त्याला बोलता येत नाही, आणि आपण पुष्कळदा जखमेचे माप आपल्या सवडीवरून घेतो.

चाटण्याने बरे होते ही समजूत जुनी आहे. कुत्र्याच्या लाळेत काही जंतू मारण्याचा थोडा गुण आहे खरा, पण तिच्यात इतर जंतूही असतात, व सतत चाटल्याने जखम चिघळते. लूककृत शुभवर्तमानात कुत्रे लाजाराचे फोड चाटीत, ते काही उपचाराचे उदाहरण नव्हे. घरात बसलेल्या श्रीमंताने काहीच केले नाही, हे तेथे दिसते.

याच्या उलट उतावळी दया. ती जखमेवर रॉकेल नाहीतर फिनेल ओतते आणि घरातली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेनची गोळी चारते. या गोळ्या कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतात. चांगल्या शोमरोन्याने तेल व द्राक्षारस ओतला, कारण त्या काळी उपचार तोच होता. आज त्याहून चांगले ठाऊक असताना हाताला येईल ते ओतणे, ही आम्ही दया मानीत नाही.

कुत्रे ओळखीचे व जखम नुसती खरचटल्याची असेल, तर उकळून गार केलेल्या अर्धा लिटर पाण्यात लहान सपाट चमचाभर मीठ घालून ती धुवावी. पोव्हिडोन आयोडीन फिक्या चहाच्या रंगाइतके पातळ करून लावावे व चाटू देऊ नये. दुखताना मायाळू कुत्रेही चावते, हे विसरू नये. जखम खोल असेल, तीत अळ्या असतील, दाबून धरूनही रक्त थांबत नसेल, तर पशुवैद्यच हवा. दुसऱ्या कुत्र्याने चावल्याची खूण बाहेरून लहान दिसली तरी तीही किरकोळ नव्हे.

संडे स्कूलच्या शिक्षकांस एक विनंती. प्राण्यांवर प्रेम करा असे मुलांस शिकविताना, जखमी कुत्र्याला हात न लावता मोठ्यांस बोलवा, हेही त्याच धड्यात सांगावे. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस बहुधा वाचत नाही. कुत्रे चावले, किंवा त्याची लाळ हातावरच्या ओरखड्यास लागली, तर साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवून त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

राहिला खर्च. शोमरोन्याने उतारशाळेत पैसे दिले व आणखी लागल्यास परतताना देईन म्हटले. येथे रिक्षाचे भाडे चार घरांत वाटले तर फार नाही. मात्र जखमी कुत्रे घेण्यास कोणता रिक्षावाला तयार होईल, हे आजच विचारून ठेवावे.