अंपायर आणि करंज्या

आमच्या उपनगरातल्या वाचनालयाला वर्षातून एकदा वक्तृत्वस्पर्धेची उबळ येते आणि त्या उबळीत दर वर्षी एक परीक्षक बळी जातो. यंदा माझी पाळी होती. माझीच निवड का, असं विचाराल तर ठरलेले परीक्षक आयत्या वेळी मुलीकडे बडोद्याला निघून गेले आणि मी नेमका त्या दिवशी पुस्तक बदलायला गेलो होतो, एवढंच. कार्यवाह म्हणाले, "तुम्ही नुसते बसा हो. शाल आहे." शाल आहे म्हटल्यावर माणसाचा विरोध जरा मऊ पडतो.

विषय होता, 'खेळाडूंनी राजकारणात पडावे काय?' आपल्या भाषेची गंमत बघा. माणूस नोकरीला लागतो, धंद्यात शिरतो, पण प्रेमात आणि राजकारणात मात्र पडतो. पतौडीचा नबाब १९७१ साली गुडगावहून लोकसभेला उभा राहिला, म्हणजे राजकारणात पडला, आणि लगोलग निवडणुकीतही पडला. १९९१ साली भोपाळला पुन्हा पडला. एका डोळ्याच्या नजरेवर कसोटी क्रिकेट खेळलेला माणूस, पण मतदारांचा चेंडू कुठून वळतो ते काही त्याला शेवटपर्यंत दिसलं नाही.

स्पर्धक सात होते. त्यातला एक मुलगा आमच्याच इमारतीतला, दुसऱ्या मजल्यावरचा. दहावीत आहे. आदल्या संध्याकाळी त्याची आई डबा घेऊन आली. "सहज करंज्या केल्या होत्या," म्हणाली. आता, भजी सहज होतात, पोहे सहज होतात. नारळ खोवून, सारण परतून, पारी लाटून, कातण्याने कडा कापून ऐन आषाढात 'सहज' करंज्या करणारी बाई मी तरी पाहिलेली नाही. मी तसं पुटपुटलो, तर आमची ही म्हणाली, "तुम्हाला लाच द्यायला तुम्ही कोण लागून गेलात?" हा मुद्दा बिनतोड होता. मी चार करंज्या खाल्ल्या.

स्पर्धेच्या दिवशी पहिले पाच जण कधी बोलले आणि कधी बसले ते माझ्या लक्षात राहिलं नाही. सहावी एक मुलगी उभी राहिली. तिचं म्हणणं असं, की खेळाडूसारखा पुढारी होणे नाही, कारण पुढाऱ्याला जे कधीच येत नाही ते खेळाडूला येतं, ते म्हणजे हरणं. आणि उदाहरण म्हणून तिने थेट इम्रानखान काढला! सभागृहात चुळबूळ झाली. कार्यवाहांनी माझ्याकडे पाहिलं, मी पंख्याकडे पाहिलं. पण पोरगी डगमगली नाही. १९९२ साली एकोणचाळिसाव्या वर्षी त्याने मेलबर्नला विश्वचषक जिंकला, अंतिम सामन्यात संघातल्या सर्वांत जास्त ७२ धावा स्वतः काढल्या. आई कॅन्सरने गेली म्हणून वर्गण्या गोळा करून तिच्या नावाने लाहोरला इस्पितळ उभं केलं, ते १९९४ साली सुरू झालं. १९९६ मध्ये पक्ष काढला. १९९७ च्या निवडणुकीत जागा शून्य. २००२ मध्ये एक, ती त्याची स्वतःची. एवढं होऊनही गडी मैदान सोडून गेला नाही आणि २०१८ साली पंतप्रधान झाला. "याला म्हणतात खिलाडूवृत्ती!" असं म्हणून ती बसली. टाळ्या झाल्या. माझ्याही हातून वाजल्या. परीक्षकाने टाळ्या वाजवायच्या नसतात हे मला नंतर सांगण्यात आलं.

मग आमचा करंजीवाला. त्यानेही इम्रानच धरला, पण दुसऱ्या टोकाने. म्हणाला, पाकिस्तान घरच्या मैदानावर जिंकलं की लोक म्हणत, अंपायर घरचे होते. या बोलण्याला इम्रान कंटाळला होता. म्हणून १९८६ साली वेस्ट इंडिजचा संघ आला तेव्हा लाहोरच्या कसोटीला तिऱ्हाईत अंपायर बोलावले गेले, आणि ते कुठले, तर हिंदुस्थानातले! एक रामस्वामी आणि दुसरे आपल्या मुंबईचे पिलू रिपोर्टर. त्या कसोटीत पाकिस्तानच्या धावा १३१ आणि ७७. एक डाव आणि दहा धावांनी सपशेल पराभव. पण अंपायरबद्दल कुणाला बोट दाखवायला जागा उरली नाही. "आणि हाच माणूस," आमचा पोरगा आवाज चढवून म्हणाला, "२०१४ साली इस्लामाबादेत निवडणुकीतल्या गैरप्रकारांविरुद्ध धरणं धरून बसला, तेव्हा सभेत सांगत होता, की अंपायरचं बोट आता वर जाणार! हा अंपायर म्हणजे लष्कर, हे ऐकणाऱ्यांनी ओळखलं. मैदानावर ज्याने तटस्थ अंपायर मागितला, तो राजकारणात आपल्या अंपायरची वाट बघत बसला!"

इथे माझं परीक्षकपण सुटलं आणि मी एकदम गिरगावातल्या आमच्या चाळीच्या अंगणात जाऊन पोचलो. आमचे स्टंप म्हणजे भिंतीवर कोळशाने ओढलेल्या तीन रेघा. मी अकरा वर्षांचा, खेळात लिंबूटिंबू, म्हणून कायमचा अंपायर. बॅट एकच, ती बंड्याची. बंड्या औट झाला की बॅट काखेत मारून घरी जायचा आणि मग बाकीच्यांनी काय फळकुटाने खेळायचं? तेव्हा बंड्या सहसा औट होत नसे. एकदा तळमजल्यावरच्या दिन्याचा चेंडू बंड्याच्या पायांमागून सरळ भिंतीवर बसला. टणत्कार सगळ्यांनी ऐकला, पण रेघेवर की रेघेबाहेर यावर गलका झाला. चेंडू माझ्याकडे आला. त्यावर कोळशाचा पट्टा स्वच्छ उमटला होता. पुरावा माझ्या हातात होता. मी तो पी.टी.च्या पांढऱ्या चड्डीला मागून पुसला आणि म्हणालो, "नॉट औट."

दिन्या काही बोलला नाही. त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं, चेंडू घेतला आणि आपल्या टप्प्यावर परत गेला. रात्री आईने चड्डी बघून विचारलं, "हे काळं कुठून आणलंस?" त्याबद्दल दोन धपाटे बसले. मूळ गुन्ह्याबद्दल मात्र अजूनपर्यंत कुणी काही केलेलं नाही.

तर खिलाडूवृत्ती. ती खरोखर खेळाडूच्या अंगात असते, की मैदानाच्या चुन्याच्या रेघांत असते? चुकीचं औट दिलं तरी फलंदाज मुकाट चालू लागतो, हे खरं. पण चालत चालत तो तंबूत जातो, तिथे चहा असतो, आणि दुसरा डाव असतो. हरणं परवडतं तिथे माणूस छान हरतो. इम्रानही सरळच होता असं नाही. १९८१ साली एका कौंटी सामन्यात बाटलीचं बूच मागवून चेंडू खरवडला होता, हे त्यानेच १९९४ साली कबूल केलं. तेरा वर्षांनी का होईना, पण कबूल केलं. (मला चड्डी कबूल करायला त्याच्या कितीतरी पट वेळ लागला.) एप्रिल २०२२ मध्ये अविश्वासाचा ठराव आला, तेव्हा मात्र हा शेवटच्या चेंडूपर्यंत खेळणार म्हणणारा गडी ठराव फेटाळला जाताच संसदच बरखास्त करवून मोकळा झाला. म्हणजे बॅट काखेत मारून घरी! सर्वोच्च न्यायालयाने डाव पुन्हा मांडला आणि तो औट झाला.

याला रडीचा डाव म्हणून मी गुण कापायला निघालो होतो, पण पेन्सिल थबकली. कारण तिथे औट झालेला तंबूत जात नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये तो तुरुंगात गेला. त्याच्या पक्षाचं निवडणूक चिन्ह काय, तर बॅट. पक्षांतर्गत निवडणुका नीट घेतल्या नाहीत म्हणून जानेवारी २०२४ मध्ये ती बॅटही गेली. त्याची माणसं अपक्ष म्हणून उभी राहिली, एकाला तर चिन्ह म्हणून वांगं मिळालं. त्या वांग्यानिशी, कशाकशानिशी खेळून सर्वांत जास्त जागा पुन्हा त्यांनीच मिळवल्या. २०१८ साली विरोधक म्हणत होते, अंपायर याचा. २०२४ साली तेच हा म्हणत होता. कोळशाचा पट्टा तेव्हाही असेल, आताही असेल. पण जिथे हरणाऱ्याला कोठडी आहे, तिथे मी इथे पंख्याखाली बसून कुणाला 'मुकाट चालू लाग' म्हणायचं, हे माझ्याच्याने ठरेना.

"परीक्षक, गुण," कार्यवाह कानाशी म्हणाले.

मी बेरीज केली. मुलगी ८१, आमच्या इमारतीतला ८२. आणि मला करंज्या आठवल्या. उद्या जिन्यात चर्चा होणार. मी कागद पुन्हा पाहिला. मुलगा 'तटस्थ'ला 'तटस्त' म्हणाला होता. उच्चाराचे दोन गुण कापले. मुलगी 'इस्पिताळ' म्हणाली होती, ते मी ऐकलं होतं. पण तिच्या आईने काही पाठवलं नव्हतं.

शाल बरी होती.

दुसऱ्या दिवशी तो मुलगा डबा न्यायला आला. डबा रिकामा देऊ नये म्हणून हिने त्यात चिवडा भरला होता. दारात तो घुटमळला. "काका, माझं काय चुकलं?"

"उच्चार," मी म्हणालो. "तटस्थ म्हण बघू."

"तटस्थ," तो म्हणाला. स्वच्छ म्हणाला. कदाचित आदल्या दिवशीही स्वच्छच म्हणाला असेल. पंख्याचा आवाज फार होता.

"छान. आईला सांग, करंज्या फार चांगल्या झाल्या होत्या."

त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं, डबा घेतला आणि जिना उतरून गेला.