बाहेरगावी गेलेलं ज्ञान

गेल्या वर्षी श्रावणात माहेरी गेले होते. बार्शीपासून तासाभराच्या अंतरावरचं गाव. रात्री जेवणं आटोपली, भांडी झाली आणि वहिनी ओट्याला टेकून हातातला मोबाइल माझ्यापुढे धरत म्हणाल्या, "ताई, हे बघा बरं. ह्यात म्हणतात, अंगात उष्णता वाढली की असं होतं."

त्यांची पाळी जाऊन तीन वर्षं झाली होती आणि दीड महिन्यापासून अधूनमधून लाल डाग दिसत होता. दादाला सांगितलं नव्हतं, सुनेला तर नाहीच. मोबाइलला मात्र विचारलं होतं. टाइप करायला त्यांना जमत नाही, म्हणून दुपारी घरात कुणी नसताना माइकचं बटण दाबून हळू आवाजात विचारलं होतं. उत्तर आलं ते असं: उष्णता, अशक्तपणा, गुलकंद, रात्री भिजवलेल्या धण्यांचं पाणी. त्याच पानावर खाली काढ्याची एक बाटली आणि ती मागवायचा फोन नंबर. दीड महिना वहिनी धण्याचं पाणी पीत होत्या.

पाळी कायमची गेल्यावर रक्त दिसलं, एकदाच दिसलं, थेंबभर दिसलं, तरी डॉक्टरकडून तपासून घ्यायचं असतं. शंभरातल्या नव्वद जणींना तरी कारण साधं निघतं: आतली त्वचा कोरडी होऊन पातळ झालेली असते, नाहीतर एखादा मस असतो. पण शंभरात पाच ते दहा जणींना पिशवीच्या अस्तराचा कॅन्सर असतो आणि तो लवकर सापडला तर बहुतेक वेळा बरा होतो. इंग्रजीत कुठल्याही बऱ्या वैद्यकीय संस्थेच्या पानावर ही गोष्ट पहिल्या चार ओळींत असते. त्या रात्री मी तासभर मराठीत शोधत बसले. सापडली, पण एका वर्तमानपत्राच्या जुन्या पुरवणीत, 'रजोनिवृत्तीपश्चात रक्तस्राव' अशा मथळ्याखाली. वहिनींच्या तोंडून हा शब्द कधीच निघाला नसता. त्यांनी मोबाइलला विचारलं होतं, "पाळी गेल्यावर परत डाग का पडतो?" प्रश्न एका मराठीत होता, उत्तर दुसऱ्या मराठीत, आणि दोघांची गाठ पडली नाही.

बायकांचं आपल्या शरीराबद्दलचं एक पुरं बोलणं आहे. पांढरं जातं, अंगावर जातं, अंग बाहेर येतं, पिशवीला सूज आली, ओटीपोटात कळ येते, डोहाळे, कोरडं बाळंतपण. छापील मराठीत याचं श्वेतप्रदर, अत्यार्तव, गर्भाशयभ्रंश होतं. आणि इंग्रजी पानं यंत्राने मराठीत उतरवलेली असतात तेव्हा त्याहून वाईट होतं. तिथे पाळीचा 'कालावधी' होतो आणि 'तुमचा कालावधी चुकला असल्यास' असं वाक्य समोर येतं. कुठला कालावधी, कसला, हे वाचणारीला कळायला मार्ग नाही. मग ती तिला कळणाऱ्या मराठीत बोलणाऱ्याकडे जाते. काढा विकणारा ती मराठी बोलतो. त्याला 'पांढरं जाणं' हा शब्द माहीत आहे, 'हाडं झिजून पांढरं जातं' ही भीतीही माहीत आहे आणि त्या भीतीवर त्याची बाटली खपते. खोटी माहिती का पसरते, याची कारणं लोक फार लांब जाऊन शोधतात. माझ्या मते मोठं कारण हे आहे की खरी माहिती असणाऱ्यांनी बायकांची भाषा सोडून दिली.

याचं मला अधिक वाईट वाटतं ते एका वेगळ्या कारणाने. ही माहिती परक्या मुलखातून आपल्याकडे यायची आहे, असं आपण धरून चालतो. पण त्यातली बरीच इथूनच गेलेली आहे.

ऑक्टोबर 1999 मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात एक अभ्यास सुरू झाला. मुंबईचं टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आणि फ्रान्समधल्या लिऑनची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था असे तिघे त्यात होते. 30 ते 59 वयाच्या 1,31,746 बायका. गावांचे 52 गट केले आणि ते चार भागांत वाटले. एका भागात पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरला कारण होणाऱ्या एचपीव्ही विषाणूची चाचणी, दुसऱ्यात पिशवीच्या तोंडाच्या पेशी बघणारी पॅप तपासणी, तिसऱ्यात व्हिनेगरसारखं पातळ ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणं, आणि चौथ्या भागात गावात नेहमी जी सोय असेल तेवढीच. प्रत्येक भागात 31 ते 34 हजार बायका. आठ वर्षांनी मोजदाद झाली. चौथ्या भागात या कॅन्सरने 64 बायका गेल्या होत्या, एचपीव्ही चाचणीच्या भागात 34. आयुष्यात एकदाच केलेल्या एका चाचणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. हा निकाल 2009 मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापून आला. 2021 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिशीनंतर दर पाच ते दहा वर्षांनी एचपीव्ही चाचणी करावी, नमुना बाईने स्वतः घेतला तरी चालेल, असं सांगितलं. जगभर या चाचणीच्या बाजूने जो पुरावा मांडतात, त्यात या गावांतल्या बायकांचा आकडा असतो.

चौथ्या भागातल्या बायकांना चाचणी का दिली नाही, यावर पुढे बराच वाद झाला आणि तो व्हायलाच हवा होता. त्या 64 जणींची नावं मला माहीत नाहीत. त्या ज्वारी काढणाऱ्या, पाणी शेंदणाऱ्या बायका होत्या. आपल्याला जे कळलं ते त्यांच्या जिवावर कळलं, एवढं नक्की. आणि कळल्यानंतर काय झालं? 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या 30 ते 49 वयाच्या बायकांपैकी पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरसाठी कधीतरी तपासणी झालेल्या निघाल्या शंभरात दोनसुद्धा नाहीत, 1.9 टक्के. दर वर्षी देशात सुमारे सव्वा लाख बायकांना हा कॅन्सर होतो आणि 75 हजारांवर बायका त्याने जातात.

वहिनींना मी त्या रात्री हे सांगितलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आपल्याकडच्या बायका होत्या, आणि आपल्यालाच कुणी सांगितलं नाही?"

हे एकदाच झालेलं नाही. जानेवारी 1989 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये राणी बंग आणि अभय बंग या डॉक्टर दांपत्याचा गडचिरोलीचा अभ्यास छापून आला. दोन गावं, 650 बायका. त्यांतल्या 92 टक्के बायकांना स्त्रीरोगांपैकी एक तरी आजार होता आणि त्यापूर्वी आतून तपासणी झालेल्या होत्या फक्त 8 टक्के. बाईचं आरोग्य म्हणजे गरोदरपण आणि बाळंतपण, एवढ्यावरच सरकारं आणि संस्था थांबत होत्या. त्या विचाराला या आकड्यांनी जगभर धक्का दिला. राणीताईंनी बायकांचं त्यांच्या शब्दांत ऐकून घेतलं, 'कानोसा' हे पुस्तकही मराठीत लिहिलं. पण पुस्तक कपाटात राहतं आणि बाई दुपारी मोबाइलशी बोलते.

मराठीला हे जमत नाही असं मला कुणी सांगू नये. र. धों. कर्वे यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचं केंद्र निघालं. जुलै 1927 पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे 1953 पर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवलं. वाचक चारचौघांत विचारता येणार नाहीत असे प्रश्न पत्राने विचारत आणि कर्वे सरळ, कुणालाही कळेल अशा मराठीत उत्तर छापत. त्या उत्तरांपायी 1934 मध्ये अश्लीलतेचा खटला झाला. त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. खटला हरले, दंड झाला, अंक निघतच राहिला. एक गणिताचा प्राध्यापक, नोकरी गेलेला, पदरचे पैसे घालून हे करत होता. आज महाराष्ट्रात इतकी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, आरोग्य विद्यापीठ आहे, डॉक्टरांच्या संघटना आहेत. बायकांच्या शब्दांत विचारलेल्या पाचशे प्रश्नांची पाचशे तपासलेली उत्तरं, खाली डॉक्टरचं नाव आणि तारीख, वाचता न येणाऱ्यांसाठी आवाजात, एवढं काम त्यांना अवघड नाही. ते कुणाचं काम आहे हेच ठरलेलं नाही.

तोवर मोबाइलवर काय मानायचं आणि काय सोडायचं? दुसऱ्या दिवशी दुपारी मी आणि वहिनी शेंगा फोडत ती सगळी पानं पुन्हा बघत बसलो. कुणी लिहिलंय, कधी लिहिलंय, खाली काय विकायला ठेवलंय, हे वहिनींनी आपणहून पाहायला सुरुवात केली. मला सगळ्यांत मोलाची वाटते ती वेगळीच खूण: 'अमुक झालं तर थांबू नका, दवाखान्यात जा' असं त्या पानावर कुठे तरी लिहिलं आहे का? प्रामाणिक माणूस आपल्या सल्ल्याची हद्द सांगतो. गुलकंदाच्या पानावर ती हद्द नव्हती.

आणि टक्के. टक्क्यांनी माणसं फार घाबरतात. जुलै 2002 मध्ये अमेरिकेत 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या अभ्यासातला दोन हार्मोनच्या गोळ्यांचा भाग मध्येच थांबवला. त्यात 16,608 बायका होत्या. स्तनाच्या कॅन्सरचा धोका 26 टक्क्यांनी वाढतो, अशी बातमी जगभर गेली आणि पाळी जाताना हैराण झालेल्या असंख्य बायकांनी गोळ्या टाकून दिल्या. तेच आकडे असेही सांगता येतात: वर्षाला 10,000 बायकांमागे 30 जणींना हा कॅन्सर होत होता, गोळ्या घेणाऱ्यांत 38 जणींना झाला. म्हणजे आठ जणी जास्त. आठ हा आकडा लहान नाही, पण त्याच्याकडे बघून विचार करता येतो; 26 टक्क्यांकडे बघून फक्त भीती वाटते. शिवाय त्या बायकांचं सरासरी वय होतं 63. पन्नाशीच्या, घामाने रात्ररात्र जागणाऱ्या बाईचा हिशेब वेगळा. 'टक्के' दिसले की 'किती जणींत किती' हे विचारायचं, आणि त्या जणी माझ्या वयाच्या होत्या का, हेही.

वहिनींना घेऊन मी तालुक्याला गेले. सोनोग्राफी झाली. पडद्यापलीकडे हात धूत डॉक्टर म्हणाले, "पिशवी काढून टाकू या, कटकट मिटेल. पुढे कॅन्सर झाला तर?" तुकडा तपासायला पाठवायचं नावही नाही. माझ्या पायाखालची जमीन सरकली, कारण हेच वाक्य मी बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या हकिगतींत वाचलं होतं. पाळीच्या दिवसांत खाडा झाला की मुकादम पैसे कापतो. पांढरं जाण्याची तक्रार घेऊन गेलं की पिशवीला कॅन्सर होईल अशी भीती घालतात. तिशीतल्या बाया कर्ज काढून पिशवी काढून येतात. 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या सरकारी समितीसमोर जे सर्वेक्षण आलं, त्यात 82,309 ऊसतोड बायकांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली होती. त्यांना ही माहिती मोबाइलने दिली नव्हती. पांढऱ्या कोटातल्या माणसाने दिली होती, समोर बसून, त्यांना कळणाऱ्या मराठीत. म्हणून खोट्या माहितीचं सगळं खापर मोबाइलवर फोडणं मला पटत नाही.

आम्ही तिथून उठलो. सोलापुरात दुसऱ्या डॉक्टर होत्या. त्यांनी तुकडा घेतला, आठ दिवसांनी रिपोर्ट आला. साधा मस होता. तो काढला, पिशवी जागेवर आहे.

परत निघायच्या आदल्या रात्री वहिनी म्हणाल्या, "ताई, ते नीट लिहून द्या एका कागदावर. बचत गटातल्या बायकांना पाठवते." मी लिहायला बसले आणि सवयीने 'रजोनिवृत्तीनंतर' असं लिहिलं. वहिनींनी खोडलं. "पाळी गेल्यावर, असं लिहा." मग मी 'रक्तस्राव' लिहिलं. तेही खोडलं, "डाग" लिहायला लावलं. सात ओळी झाल्या. सोलापूरच्या डॉक्टरीणबाईंना मी त्या फोनवर वाचून दाखवल्या. त्यांनी एक ओळ बदलायला सांगितली. खाली तारीख घातली आणि वहिनींनी फोटो काढून बचत गटाच्या ग्रुपवर टाकला.

सकाळी उठले तर वहिनी चुलीपाशी मोबाइल कानाला लावून बसल्या होत्या. वरच्या आळीतल्या एका मुलीचा आवाजी निरोप आला होता: तिच्या आईला चार महिने असंच होतंय, आई ऐकत नाही, कुणाकडे जायचं? वहिनींनी दोनदा ऐकला. मग माइकचं बटण दाबून म्हणाल्या, "सोमवारी साडेआठच्या गाडीने निघू म्हणावं आईला. मी येते संगं."