दिल्या शब्दाचं पातं

उंडीनेला आत्मा नव्हता. माणसाशी लग्न झालं तेव्हा तो मिळाला, आणि त्याच्याबरोबर दुःखही आलं.

मूळ कल्पना पॅरासेल्ससची. 16व्या शतकातल्या या वैद्याने चार महाभूतांत चार जातींचे जीव वसवले: पाण्यात उंडीन, हवेत सिल्फ, मातीत नोम, आगीत सॅलामँडर. माणसासारखेच सगळे, फक्त आत्मा नसलेले. माणसाशी लग्न लागलं तर तोही मिळायचा. 1811 मध्ये फूके या जर्मन लेखकाने यावर कथा रचली. हुल्डब्रांट नावाचा सरदार उंडीनेशी लग्न करतो. पाण्यावर असताना तिला टाकून बोलायचं नाही, एवढं त्याने पाळायचं असतं. डॅन्यूबवरच्या नावेत तो नेमकं तेच करतो आणि ती नदीत नाहीशी होते. पुढे तो दुसरं लग्न करतो, तेव्हा जलजीवांचा कायदा तिला परत पाठवतो. रडत रडत ती त्याला मिठीत घेते, आणि त्या मिठीतच तो मरतो.

जुन्या कथांचा न्याय असा होता. शब्द मोडणारा मरायचा.

अमेरिकी कादंबरीकार ब्रँडन सँडरसन यांनी हा न्याय उलटा फिरवला. 2010 मध्ये 'द वे ऑफ किंग्ज'पासून सुरू झालेली त्यांची 'स्टॉर्मलाइट' कादंबरीमाला जाडजूड आहे, लढायांनी भरलेली आहे. तिच्या पोटात मात्र वचनाचा असा विचार आहे, की तो मला आजच्या अद्भुतकथांमधला सर्वांत गंभीर विचार वाटतो.

त्या कथेतल्या रोशर नावाच्या जगात वारा, आग, पाऊस यांचे जीव आहेत. वेदना आणि भीती यांचेसुद्धा. त्यांना स्प्रेन म्हणतात. बहुतेक अजाण असतात, आग पेटली की तिच्याभोवती नाचतात, विझली की जातात. काही मात्र जाणते असतात आणि माणसाशी नातं जोडतात. हे नातं शपथांनी, पायरीपायरीने जुळतं. माणसाला बळ मिळतं: वादळाने रत्नांत भरलेलं तेज तो श्वासाबरोबर आत ओढतो आणि आकाशात झेपावतो. स्प्रेनलाही काही मिळतं. आपलं जग सोडून इथे येताना तो स्मृती आणि जाण हरवून बसलेला असतो. नातं घट्ट होत जातं, तशी ती परतते.

बळ माणसाला, भान स्प्रेनला. असा करार मी दुसऱ्या कुठल्या जादूत पाहिला नाही.

शपथ मोडली तर माणूस जगतो. मरतो तो स्प्रेन.

हे वाचताना अंगावर येतं, कारण हे खरं आहे. आपण शब्द मोडतो तेव्हा आपलं फारसं बिघडत नाही. ज्याने विश्वास ठेवला, त्याच्या आत काहीतरी संपतं.

आरंभ मात्र शपथेने होत नाही. शल्यवैद्याचा मुलगा कॅलॅडिन गुलाम म्हणून विकला गेलेला आहे. बाणांच्या माऱ्यात लाकडी पूल खांद्यावर वाहायचे, हे त्याचं काम. एका रात्री तो दरीच्या काठावर उडी मारायला उभा राहतो. सिल नावाची वाऱ्याची एक स्प्रेन, तळहाताएवढी, प्रकाशाची मुलगी, तिथे येते. तिच्या हातात एक पान असतं. विषारी पान. तशी पानं त्याच्याजवळ होती, ती हातची गेली आणि तेव्हापासून तो खचला, एवढं तिने पाहिलेलं. म्हणून तिने ते शोधून आणलं. वाऱ्याच्या जिवाला एक पान वाहून आणणंसुद्धा जड गेलं.

विष कशासाठी असतं हे तिला ठाऊक नव्हतं. त्याचं काय हरवलं ते ठाऊक होतं.

तो काठावरून मागे सरतो. माणसं जोडली जातात ती बहुधा अशीच: देणारा चुकीची वस्तू आणतो, आणि ती आणायला किती लांब गेला ते घेणाऱ्याला दिसतं.

पुढे कॅलॅडिन दुर्बळांच्या रक्षणाची शपथ घेतो, आणि तरी राजाच्या खुनाच्या कटाला मूक संमती देतो. दोन शब्द, दोन उलट दिशांना. त्याचं उडणं बंद पडतं. सिल पुन्हा अजाण होत जाते, पोरकट बोलू लागते, मग दिसेनाशी होते. ती परत येते तेव्हा तो मोडक्या पायावर त्याच राजाच्या आड उभा असतो, आणि त्याची शपथ रुंद झालेली असते: ज्यांचा आपल्याला तिटकारा आहे त्यांचंही रक्षण, पण ते योग्य असेल तर. चौथी शपथ तर त्याच्या ओठांवर येता येत नाही. 2017च्या कादंबरीत ती घशातच अडते, 2020च्या कादंबरीत उमटते. काहींना आपण वाचवू शकणार नाही, हे मान्य करण्याची ती शपथ आहे.

इथे मला भीष्म आठवतात. त्यांचं व्रत पहिल्या दिवशी जेवढं होतं, तेवढंच अखेरपर्यंत राहिलं. त्याने त्यांना इच्छामरण दिलं. पण द्रौपदीला सभेत ओढून आणलं तेव्हा त्यांच्या हातून काही झालं नाही. इरावतीबाई कर्वे यांनी 'युगान्त'मध्ये या निष्ठेची कठोर झाडाझडती घेतली आहे. भीष्मांनी शब्द पाळला. तो ज्यांच्यासाठी पाळायचा, ती माणसं उघड्यावर राहिली.

वचन वाढलं नाही तर त्याचं कुंपण होतं.

रोशरमध्ये स्प्रेनला कोंडताही येतं. तेजाने भरलेलं रत्न ठेवायचं, आमिष दाखवून स्प्रेनला जवळ आणायचं, मग रत्नातलं तेज झपाट्याने काढून घ्यायचं. स्प्रेन आत ओढला जातो. आगीचा स्प्रेन असा अडकला की रत्न ऊब देतं. नवानी ही विदुषी राणी या यंत्रांची मोठी जाणकार. ओझ्याची जनावरं राबतातच की, हा तिचा युक्तिवाद. उरिथिरू नावाच्या मनोऱ्याचा प्रचंड स्प्रेन तिला तोंडावर सांगतो की ही गुलामगिरी आहे. पुढे तिचं नातं जुळतं ते याच स्प्रेनशी.

कोंडलेल्याची ऊब आणि सोबत्याची ऊब, हाताला सारखीच लागते. कोंडलेला कधी दगा देत नाही. त्याला तेवढीही मोकळीक ठेवलेली नसते.

या जगात न मोडणाऱ्या तलवारी आहेत, एकेकीचं मोल एका राज्याएवढं. प्राचीन काळी शपथबद्ध योद्ध्यांनी त्या जमिनीवर टाकल्या आणि ते निघून गेले. नंतरच्यांनी त्या उचलल्या, त्यांच्यासाठी लढले, वारशाने मुलांना दिल्या. त्या तलवारी म्हणजे शपथ मोडल्याने मेलेल्या स्प्रेनांची शरीरं. ज्याने स्वतः स्प्रेनशी शपथ बांधली आहे, त्याने त्यांना हात लावला की किंकाळी ऐकू येते. बाकीच्यांना फक्त धार दिसते.

राजपुत्र ॲडोलिनने अशी कुठलीच शपथ घेतलेली नाही. द्वंद्वाआधी तो तलवारीशी बोलतो, एवढंच. तिच्यात काही उरलं आहे याची कल्पना येण्याच्याही आधीपासून बोलतो. बळ मागायला नव्हे; सोबत आहे म्हणून. हळूहळू ती, माया, हालचाल करू लागते.

मग स्प्रेनांच्या किल्ल्यात खटला उभा राहतो. माणसांनी केलेल्या विश्वासघाताचा जिवंत पुरावा म्हणून मायाला सर्वांसमोर आणलं जातं. आणि जिच्या तोंडून शब्द फुटेल असं कुणालाही वाटत नव्हतं, ती ओरडून सांगते की तो निर्णय त्यांचाही होता. योद्धे आणि स्प्रेन, दोघांनी मिळून शपथ सोडली होती. किंमत एवढी पडेल हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. इतक्या पिढ्या तिच्याविषयी कळवळून बोलणाऱ्यांपैकी कुणीही तिला हे विचारलेलं नव्हतं.