मामीडवार, मरकाम, आंबेकर

माझे वडील चंद्रपूरजवळच्या घुग्घुसच्या कोळसा खाणीत हजेरी बाबू होते. कधी डबा घरी राहिला की तो द्यायला मी टाइम ऑफिसच्या खिडकीशी जाऊन उभा राहायचो. आडनावांचा पहिला नियम मला तिथं कळला. वडील 'पासवान' म्हणायचे आणि एकच माणूस पुढे यायचा. 'मडावी' असं मात्र ते नुसतं कधी म्हणत नसत. म्हटलं असतं तर रांगेतले सात-आठ जण एकदम हलले असते. मडावींना ते पाळण्यातल्या नावानं आणि बापाच्या नावानं पुकारत. आडनाव शेवटी, पुटपुटल्यासारखं. पासवानचं पाळण्यातलं नाव काय, हे खाणीत कोणाला ठाऊक नव्हतं. त्याच्या बायकोलाही बायका 'पासवानीन' म्हणत. बिहारमधल्या त्याच्या गावी सगळं उलट असणार. तिथं पासवान घरोघर असतील आणि हा कोणाचा तरी अमुक असेल.

पुढे शिकायला पुण्याला गेलो. वसतिगृहात माझ्या खोलीत गडचिरोलीतल्या एटापल्लीकडचा एक मुलगा होता, मडावी. पहिल्या दिवशी कारकुनानं त्याला दोनदा विचारलं, "मडवी की माळवी?" मग कौतुकानं म्हणाला, "वेगळंच आहे हो आडनाव, रेअर." खोलीवर आल्यावर हा पोट धरून हसत सुटला. "आमच्या गावात गोटा मारला तं मडावीलेच लागते, बाप्पा!" वर्षभरात तो सगळ्यांचा नुसता 'मडावी' झाला. घरी त्याला जन्मात कोणी त्या नावानं हाक मारली नव्हती. एटापल्ली ते पुणे एवढ्या प्रवासात एक आडनाव दुर्मीळ होऊन बसलं होतं.

एखादं आडनाव किती लोक लावतात, याचा आकडा आपल्याकडे मिळत नाही. जनगणना आडनावं मोजत नाही. मतदार याद्या चाळल्या तर अंदाज येतो, पण तोही गावापुरता. गडचिरोलीतल्या एखाद्या गावाच्या यादीत पानंच्या पानं उसेंडी, नरोटे, पोटावी, हिचामी. मुंबईच्या यादीत त्यांतला एखादाच, तोही बहुधा सरकारी क्वार्टरमधला. राज्याची सरासरी काढून 'दुर्मीळ' ठरवलं तर त्या आकड्याला अर्थ काय? वाघ महाराष्ट्रात दुर्मीळ आहे, पण हे वाघांच्या जंगलाला लागून असलेल्या मोहर्लीच्या माणसाला सांगून पाहा.

माझं स्वतःचं आडनाव 'वार'वर संपतं. पुण्या-मुंबईकडे गेलं की या 'वार'चे हाल होतात. कोणी सोमवार-मंगळवारची थट्टा करतं, कोणी तलवारीची. खरं तर हा तेलुगू 'वारु' आहे: ते लोक, ती मंडळी, आदरार्थी बहुवचन. तेलुगूत 'अत्तवारिल्लु' म्हणजे सासर, सासूच्या मंडळींचं घर. त्यातलाच हा वारु. म्हणजे कन्नमवार म्हणजे कन्नम मंडळी. 'कन्नमवारसाहेब' म्हणताना आपण एकाच माणसाला दोनदा मान देतो. आमच्या चांद्याच्या, म्हणजे चंद्रपूरच्या, या माणसाचं, मारोतराव कन्नमवारांचं, आडनाव मुंबईकरांच्या तोंडी रोज असतं, पण विक्रोळीतलं कन्नमवार नगर म्हणून. ते राज्याचे दुसरे मुख्यमंत्री होते आणि २४ नोव्हेंबर १९६३ रोजी पदावर असतानाच गेले, हे बसमधल्या किती जणांना माहीत असतं कोण जाणे.

तेलुगूत आडनावाला 'इंटि पेरु' म्हणतात, घराचं नाव, आणि ते माणसाच्या नावाआधी येतं. आधी घर, मग माणूस. गोदावरी-प्राणहिता ओलांडून ही घरं मराठीत आली तेव्हा घर मागे गेलं आणि माणूस पुढे आला. नांदेड, यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोली असा हा पट्टा आहे. तेलंगणाच्या कडेकडेनं चाललात तर 'वार' सुटत नाही. मुनगंटीवार, वडेट्टीवार, गड्डमवार ही आमच्याकडच्या राजकारणातली ठळक नावं. पण मला ओढ आहे ती मामीडवारांची. 'मामिडि' म्हणजे तेलुगूत आंबा. आणि गोंडीत आंब्याला 'मरका' म्हणतात, त्यावरून मरकाम. मराठीत आंबेकर आहेतच. एका झाडाखाली तीन भाषांची तीन घरं. घुग्घुसच्या एका वॉर्डाचं नावही अमराई आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये तिथलं एक घर बघता बघता जमिनीत गेलं, साठ-सत्तर फूट खोल. खाली जुनी भूमिगत खाण होती. हादरे बसताच घरची माणसं बाहेर पडली म्हणून वाचली. आंबे कधीचे गेले, नाव राहिलं, आणि नावाखालची जमीन पोकळ.

गोंडी आडनावांत झाडं पुष्कळ आहेत. 'टेका' म्हणजे साग, त्याचा टेकाम. तेंदूचा तुमराम. नैताममध्ये कुत्रा आहे, 'नई'. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवर जे चार खंड छापले त्यांत हे सगळं नोंदलेलं आहे. इंग्रज अधिकाऱ्याचा ग्रंथ, पण हिरालालांचं काम मोठं. ज्या झाडाचं नाव लावायचं त्याला तोडायचं नाही, अशी रीत. सागाला कुऱ्हाड न लावणारा टेकाम आणि सागासाठीच जंगल राखीव करणारं सरकार, दोघांचं प्रेम एकाच झाडावर होतं. पुढे त्यातल्या एकालाच परवाना लागू लागला.

अर्थ लावण्याचा एक चस्का असतो, तो मलाही आहे. इटलीतलं सर्वांत जास्त आढळणारं आडनाव रॉस्सी. म्हणजे लाल, लाल केसांच्या किंवा तांबूस चेहऱ्याच्या कोणा पूर्वजावरून पडलेलं. तेलुगूत 'एर्र' म्हणजे लाल. लगेच वाटतं, आमचे येरावार म्हणजे विदर्भातले रॉस्सीच की! पण अशा वेळी मी स्वतःचा हात धरतो. कानाला गोड लागलेली व्युत्पत्ती बहुधा खोटी निघते. येरावारांच्या एखाद्या आजोबांनी दुसरंच काही सांगितलं तर माझा रॉस्सी गेला पाण्यात.

इटलीचंच दुसरं एक आडनाव मात्र मला जवळचं वाटतं, एस्पोझितो. नेपल्स शहरात हे फार. अर्थ: उघड्यावर ठेवलेला. तिथल्या अनुंझियाता या धर्मसंस्थेच्या भिंतीत एक फिरतं लाकडी चाक होतं. नको असलेलं किंवा पोसता न येणारं मूल त्यात ठेवायचं, चाक आत फिरायचं, आणि आतल्या जोगिणी त्या मुलाला उचलायच्या. बापाचं नाव नाही म्हणून 'ठेवलेला' हेच आडनाव. आमच्याकडे उरकुडे आहेत. उरकुडा म्हणजे उकिरडा. ज्या घरात मुलं जगत नसत तिथं नवं मूल क्षणभर उकिरड्यावर ठेवायचे, मग उचलून आणायचे. दैवाची नजर फसवायची. हे मूल आमचं नव्हेच, टाकलेलं सापडलं. त्याचं नाव उरकुडा, आणि त्याच्या वंशाचं उरकुडे. नेपल्सच्या आईनं मूल खरोखर सोडलं होतं. आमच्या आईनं सोडल्याचं सोंग केलं होतं. दोघींच्या मागे आडनावं उरली, आणि आज ती लावणारे डॉक्टर, तलाठी, फुटबॉलपटू आहेत.

युरोपात आडनावं पक्की केली ती चर्चच्या वहीनं. १५६३ साली संपलेल्या ट्रेंटच्या धर्मसभेनं प्रत्येक पाद्र्याला बाप्तिस्म्याची आणि लग्नाची नोंद ठेवायला लावलं. आमच्याकडे हे काम गावातल्या जन्ममृत्यूच्या नोंदीच्या कोतवाल पंजीनं आणि शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरनं केलं, आणि तेही अर्धवट. जुन्या पंजीत 'अमुक वल्द तमुक' आणि पुढे जात, एवढंच. आडनावाचा पत्ता नाही. कोतवालाला त्याची गरजच नव्हती, गावात कोण कोणाचा हे त्याला पाठ होतं. आडनाव लागलं ते शाळेत गुरुजींनी विचारलं म्हणून, नाहीतर खाणीत बाबूनं विचारलं म्हणून. खाण कामगारांच्या नोंदवहीला आम्ही 'फॉर्म बी' म्हणतो. त्यात पहिल्या दिवशी जे लिहिलं गेलं ते माणसाला निवृत्तीपर्यंत पुरायचं. बाबू हिंदी मुलखातला असेल तर मडावीचा मरावी व्हायचा, बिलासपूरच्या माणसाच्या आडनावात आमच्याकडचा बाबू एखादा अनुस्वार घालायचा. १९७३ साली कोळसा खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं आणि या वह्या सरकारी झाल्या. चुकाही त्यांच्यासोबत सरकारी झाल्या. मुलाच्या दाखल्यावर एक आडनाव आणि बापाच्या पेन्शनीवर दुसरं, असं घर आमच्या लाइनीत दर चार घरांमागे एक होतं. माझ्या वडिलांनी किती चुका केल्या, हे मी त्यांना कधी विचारलं नाही.

गावानं तरी कोणत्या तोंडानं हसावं? त्याचंच नाव कुठं घुग्घुस, कुठं घुग्गुस, तर कुठं घुगुस. २०२०च्या अखेरीस ग्रामपंचायतीची नगर परिषद झाली, पण दुकानांच्या पाट्यांनी आपापलं शुद्धलेखन सोडलं नाही.

गावावरून पडलेल्या आडनावांची गंमत याहून वेगळी. धानोरकर, राजूरकर, चांदेकर ही आमच्या भागातली. पण विचार करा, धानोऱ्यात राहणाऱ्याला धानोरकर कोण म्हणेल? सगळेच धानोऱ्याचे. हे नाव पडायला गाव सोडावं लागतं, आणि दुसऱ्या गावानं 'हा कुठला?' असं विचारावं लागतं. घुग्घुसमध्ये राहून कोणी घुग्घुसकर होणार नाही. 'झाडे' हे आडनाव मला याच जातीचं वाटतं. पूर्वेकडच्या झाडीपट्टीच्या आत सगळीकडे झाडीच, तिथं झाडे म्हणून कोणाला ओळखणार? पश्चिमेकडच्या उघड्या, काळ्या मातीच्या मुलखानं त्यांना ते नाव दिलं असावं. घुग्घुस या दोन्हींच्या सीमेवर आहे. इथून वर्धा नदी ओलांडली की वणी, जुना वऱ्हाड. अलीकडे मध्य प्रांत. थोडं खाली राजुरा, ते तर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होतं. तीन सत्तांच्या तीन दप्तरांनी इथली आडनावं तीन वळणांनी लिहिली.

महाराष्ट्रात आडनाव विचारण्यामागचा हेतू सगळ्यांना माहीत असतो. आमच्याकडे तो फार लपवतही नाहीत. "आडनाव?" "मेश्राम." "म्हंजे कोन?" हा दुसरा प्रश्न खास आमच्या जिल्ह्याचा, कारण पहिल्याच्या उत्तरानं काम भागत नाही. मेश्राम गोंड असतो, मेश्राम बौद्धही असतो. गेडामांचंही तेच. बाबासाहेबांनी नागपूरनंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, चंद्रपुरात दीक्षा दिली. त्या मैदानावर लोकांनी धर्म सोडला, देव सोडले. आडनाव घेऊनच घरी परतले. विचारणाऱ्याला चकवणारी ही आडनावं मला आवडतात. आडनाव ऐकून माणसाला खणात टाकू पाहणाऱ्याची दोन मिनिटं तरी वाया जातात.

सरकारदरबारी मात्र चकवा महागात पडतो. जात पडताळणीत आडनाव, कुलदैवत, लग्नाच्या रीती, बोली सगळं विचारतात. त्याला आप्तभाव चाचणी म्हणतात. शहरात वाढलेल्या, गोंडी न येणाऱ्या टेकामच्या मुलीला आजीच्या लग्नातली गाणी विचारली तर ती काय सांगणार? सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०२३ मध्ये ठाकूर जमातीच्या प्रकरणात सांगितलं की ही चाचणी म्हणजे अंतिम कसोटी नव्हे. तोवर कित्येकांनी पणजोबाची पंजी शोधत तहसिलीच्या पायऱ्या झिजवल्या होत्या, आणि पंजीत आडनाव नव्हतंच.

गोंडांकडे आडनावाचं खरं काम निराळंच आहे. प्रत्येक आडनाव एका सगात बसतं, आणि सगा ओळखायचा देवांच्या संख्येवरून: चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे. गोंडीत नालुंग, सैयुंग, सारुंग, येरुंग. एका संख्येची माणसं भाऊबंद. त्यांच्यात लग्न नाही. संख्या वेगळी तर सोयरीक जमू शकते. भागागणिक कोणतं आडनाव किती देवांचं यात फरक पडतो, पण हिशेब तोच. झाड, प्राणी, अर्थ, व्युत्पत्ती हे माझ्यासारख्याचे छंद. माणूस आपल्याला कोण लागतो, हे ज्याला पाहायचं आहे त्याला एक आकडा पुरतो.

मागच्या वर्षी घुग्घुसच्या बसस्टॉपवर दोन म्हाताऱ्या शेजारी येऊन बसल्या. एक राजुऱ्याकडची, दुसरी बहुधा गडचिरोलीकडची, लेकीकडे आलेली. सिमेंट फॅक्टरीची धूळ, कोळशाच्या ट्रकांची रांग, बसचा पत्ता नाही. एकमेकींना आडनावं सांगून झाली. दोन्ही वेगळी, आणि माझ्या पुण्याच्या कारकुनाला दोन्ही रेअर वाटली असती.

"देव किती?" राजुऱ्याच्या म्हातारीनं विचारलं.

"सात."

"आमचेबी सातच व, बाई."

तिनं पिशवी उचलून मांडीवर घेतली, बाकावर सरकून जागा केली आणि तंबाखूची डबी पुढे धरली. बस आली तेव्हा दोघी एकमेकींच्या सुनांना नावं ठेवण्यापर्यंत पोचल्या होत्या.