तेरणेतला मासा

आमच्या पंचक्रोशीत ऑफसेट म्हणजे लग्नपत्रिका छापायची मशीन. त्यामुळे धाकट्या भावाचा मुलगा दिवाळीला नागपूरहून आला आणि "आप्पा, आमचं काम ऑफसेटमधलं," म्हणाला, तेव्हा मी विचारलं, "मग विमानाचं सोडलंस का?" पोरगं हसून हसून बेजार.

तो तिथल्या मिहान औद्योगिक क्षेत्रात विमानाच्या सुट्या भागांवर रिव्हेट मारतो. रिव्हेट नीट बसली की नाही ते कसं बघतात, हे त्यानं जेवणाच्या ताटावरच दाखवलं. अंगठ्याचं नख हलकं टेकवून सरकवायचं. नख अडलं की काम नापास. तो झोपल्यावर मी गोठ्यातल्या जुन्या घमेल्याच्या कडीवर नख फिरवून पाहिलं. सगळ्या रिव्हेटी नापास, आणि घमेलं वीस वर्षं शेण वाहतंय.

ऑफसेटचा अर्थ त्यानं सांगितला तो असा. परदेशी कंपनीकडून मोठी शस्त्रं घेताना सरकार अट घालतं की सौद्यातल्या ठरावीक टक्क्यांइतकं काम, गुंतवणूक किंवा तंत्रज्ञान तुम्ही आमच्या देशात आणायचं. आपल्याकडे हे २००५ पासून आहे. आधी ३०० कोटींच्या वरच्या सौद्यांना तीस टक्क्यांची अट होती, २०१६ मध्ये ती मर्यादा २००० कोटींवर गेली. त्याच वर्षी सप्टेंबरात ३६ राफेल लढाऊ विमानांचा सुमारे ५९ हजार कोटींचा करार झाला, त्यात तर निम्म्या रकमेची अट. राफेल बनवणाऱ्या दसॉल्टचा रिलायन्सबरोबरचा मिहानमधला कारखाना या अटीतून आलेला. गंमत म्हणजे तिथं पहिल्यांदा बनायला लागले ते फाल्कन २००० चे भाग, म्हणजे धनिकांच्या खासगी विमानाचे. काम फाल्कनचं, जमा राफेलच्या खात्यावर.

हे सगळं सांगून झाल्यावर पोरानं हळूच विचारलं, "आप्पा, तुम्ही पोथी वाचता. ह्यात मला पाप लागतं का?"

मी आधी वाल्या कोळ्याकडं गेलो. त्याच्या बायकापोरांनी लुटीतलं अन्न खाल्लं, पापाचा वाटा मात्र नाकारला. पण बोलता बोलताच मला ते लंगडं वाटलं. ती माणसं नुसती खात होती, ह्याचा तर हात लागतोय. पुतण्या म्हणाला, "हात फाल्कनला लागतो, राफेलला नाही." मग मला वनपर्वातला धर्मव्याध आठवला. मिथिलेचा खाटीक, थोर ज्ञानी. तोही कौशिक ब्राह्मणाला सांगतो की मी स्वतः जनावर मारत नाही, दुसऱ्यानं मारलेलं विकतो. मात्र तेवढ्यावर तो थांबत नाही. आपला धंदा घोर आहे हेही कबूल करतो. फाल्कनवाल्यांनी पहिलं वाक्य घेतलं आणि दुसरं सोडून दिलं, असं मी म्हणालो. पोरगं गप्प झालं. माझं बोलणं त्याला जरा जास्तच लागलं असं मलाही वाटलं.

शस्त्र घेणंच वाईट, असं मी म्हणणार नाही. आमची तुळजापूरची आई हातात शस्त्रं घेऊनच उभी आहे. मला खटकतो तो वजाबाकीचा भाव: घेतलं संहाराचं सामान, पण एवढ्या पोरांना काम मिळालं, म्हणजे हिशेब मिटला. धर्माच्या वहीत अशी वजावट कुठं दिसत नाही. धर्मराजानं जन्मभर पुण्य जोडलं, तरी अश्वत्थाम्याबद्दलच्या त्या एका अर्धवट बोलण्यासाठी त्याला नरक बघावाच लागला. पुण्य पुण्याच्या जागी राहिलं, खोटं खोट्याच्या. आणि पोटं त्या कामावर अवलंबून राहू लागली की विमान हवं का, हा प्रश्नच मागं पडतो; किती नोकऱ्या येणार एवढंच विचारलं जातं.

बरं, व्यवहाराची वहीसुद्धा जुळत नाही. कॅगचा २०२० चा अहवाल सांगतो की मार्च २०१८ पर्यंत ६६,४२७ कोटींचे ४६ ऑफसेट करार झाले. डिसेंबर २०१८ पर्यंत १९,२२३ कोटींची पूर्तता व्हायला हवी होती. कंपन्यांनी दावा केला ११,३९६ कोटींचा, आणि त्यातलाही निम्म्याहून कमी मंजूर झाला. शिवाय अटीचा खर्च विकणारा किमतीतच धरतो. सरकारनंच २०२० मध्ये सरकार-ते-सरकार आणि एकाच विक्रेत्याकडून होणाऱ्या खरेदीतून ही अट काढून टाकली.

एवढं बोलून मी पाणी प्यायलो. तेव्हा पुतण्या म्हणाला, "आणि आज्जीचा मासा?"

तो किस्सा आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. तेरणेवर माकणीचं धरण झालं तेव्हा आमचं सात एकर काळं रान बुडितात गेलं, बांधावरच्या आजोबांच्या समाधीसकट. मावेजा मिळाला. पुढं धरणात भोई जाळी टाकू लागले, बाजारात मासे यायला लागले. आईला मासा फार आवडायचा, पण धरणातला तिनं मरेपर्यंत तोंडात घातला नाही. "सासऱ्याच्या समाधीवर पोसलेला," म्हणायची. बाप मात्र काटे चोखत तिला डिवचायचा, "पैसे घेतले तेव्हा चाललं, मग ह्या माशानं काय घोडं मारलंय?"

मी पोराला म्हणालो, "तुझ्या आज्जीनं तेवढं तरी पाळलं."

"आज्जीनं मावेजा परत केला होता का?"

नव्हता केला. त्या पैशातून माझी कॉलेजची फी भरली गेली. पुढं प्रकल्पग्रस्ताच्या दाखल्यावर मी त्याच धरणावर लागलो, कालवा निरीक्षक म्हणून. आमच्या रानावर थांबलेलं पाणी पाळीपाळीनं दुसऱ्यांच्या रानात सोडण्याचा पगार मी एकतीस वर्षं घेतला. ह्या पोराच्या बापाचं शिक्षण त्याच पगारातलं.

दुसऱ्या दिवशी लोहाऱ्याला जाऊन येताना पोरानं मासे आणले. धरणातलेच होते. बायकोनं माझ्याकडं बघितलं. मी ताट पुढं सरकवलं, आणि काय सांगू, काठावरून उगीचच नख फिरवलं.