निर्लेखन कशाचं होतं?

सरकारी मराठीत 'निर्लेखन' असा एक शब्द आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेची खोली धोकादायक झाली की अभियंता पाहणी करतो, प्रस्ताव जातो, मंजुरी येते आणि खोली दप्तरातून वजा होते. मग जुन्या साहित्याचा लिलाव. दगड, दारं-खिडक्या, लोखंडी अँगल, पत्रे. परभणी १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होतं, त्यामुळे निजामकालीन शाळा पाडून नव्या बांधणं हा विषय आपल्याकडे जुनाच आहे. मोडकळीला आलेल्या खोल्या पाडायलाच हव्यात, त्यावर वाद नाही. माझा प्रश्न छप्पर उतरवतानाचा आहे.

आपण ज्याला सिमेंटचा पत्रा म्हणतो, त्यात सिमेंटसोबत ॲस्बेस्टॉसही असतं. नावात मात्र ते कुठंच नाही. पत्रा अख्खा असेपर्यंत त्याचे तंतू बहुतांशी सिमेंटमध्ये अडकून राहतात. पत्रा फोडला, कापला, त्याला भोक पाडलं की डोळ्यांना न दिसणारे तंतू हवेत मिसळतात आणि श्वासाबरोबर फुफ्फुसात जातात. त्यातून कर्करोग झाला तर तो वीस, तीस, कधी चाळीस वर्षांनी दिसतो. ॲस्बेस्टॉसचे सगळेच प्रकार कर्करोगकारक आहेत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. साठहून जास्त देशांनी त्यावर बंदी घातली आहे. आपल्याकडे पत्रे बनतात, विकले जातात. कच्चा माल बाहेरून येतो. ब्राझीलच्या सर्वोच्च न्यायालयानं २०१७ साली ॲस्बेस्टॉसवर बंदी घातली, तरीही तिथली खाण निर्यातीसाठी चालू राहिली आणि तिचा माल भारतात येत राहिला. आमच्या घरात नको, पण गिऱ्हाईक मिळालं तर विकू.

हे वाचून राग येतो ना? मग लिलावाकडे पुन्हा बघा. शाळेवर जे छप्पर नको झालं, ते आपण काहीही न सांगता कुणाच्या तरी गोठ्यावर पाठवतो. फुटके तुकडे रस्त्याच्या खड्ड्यात भर म्हणून जातात. हिशोब तोच आहे, फक्त गाव आपलं आहे.

यावर एक प्रामाणिक आक्षेप आहे. परभणीच्या मे महिन्यात ज्याच्या डोक्यावर काहीच नाही, त्याला तीस वर्षांनंतरच्या आजाराचं काय सांगता? त्याला आज सावली हवी. शिवाय जुनी वस्तू वाया न घालवणं हा आपल्याकडचा चांगला संस्कार. हे मला पटतं. पण त्या माणसानं धोका पत्करला, असं म्हणायचं तर धोका त्याला माहीत हवा. न सांगता दिलेल्या वस्तूला त्याची संमती होती असं म्हणणं ही आपली सोय आहे. आणि त्या पत्र्याखाली खेळणाऱ्या त्याच्या लेकराच्या वतीनं कुणी संमती दिली?

१९९५ साली सर्वोच्च न्यायालयानं ॲस्बेस्टॉस कारखान्यांना आदेश दिला: कामगारांच्या आरोग्याची नोंद ४० वर्षं किंवा नोकरी संपल्यावर १५ वर्षं, यातलं जे उशिरा येईल तोवर जपून ठेवा. आजार उशिरा येतो, म्हणून आठवणही लांबची हवी, हे त्यामागचं शहाणपण. पण दोन दिवसांच्या रोजंदारीवर पत्रे उतरवणाऱ्याची नोंद कोण ठेवणार? तो पुढच्या आठवड्यात ऊसतोडीला गेलेला असतो. इमारतीला निदान निर्लेखन असतं. त्याचं नाव लिहिलेलंच नसतं, तर खोडणार काय?

उपाय फार मोठा नाही. छपरावर आधी पाणी मारायचं. हातोडा न चालवता बोल्ट सोडवून पत्रा अख्खा खाली घ्यायचा. उतरवणाऱ्याला धूळ अडवणारा चांगला मास्क द्यायचा. तोंडावरचा रुमाल हे तंतू अडवत नाही. हे पत्रे लिलावातून वगळायचे, जाड प्लास्टिकमध्ये बांधून वेगळे ठेवायचे आणि घातक कचऱ्याच्या केंद्रात पाठवायचे. रांजणगाव किंवा बुटीबोरी परभणीपासून शेकडो किलोमीटर दूर आहे, म्हणजे खर्च येणार. तो खर्च पाडकामाच्या अंदाजपत्रकातच धरायला हवा. आज तो धरला नाही म्हणून वाचत नाही. कुणीतरी तो पुढे दवाखान्यात भरतो.

तुमच्या गावातली जुनी शाळा पाडायची ठरली, तर ग्रामसभेत एवढंच विचारा: वरचे पत्रे कशाचे आहेत आणि ते कुठं जाणार आहेत? उत्तर आलं नाही, तर तो प्रश्न इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा.