पाच व्होल्ट, पण कुठून?

उद्या तुम्हाला मुलांचं मेकाट्रॉनिक्सचं प्रॅक्टिकल घ्यायचं आहे. किटचे डबे अजून कपाटातच आहेत. तोवर निवांत बसा. श्वास आपल्या चालीने चालू द्या.

एक टेबल डोळ्यांपुढे आणा. त्यावर आर्डुइनो उनो, शेजारी छोटी सर्व्हो मोटर. करंट कमी पडू नये म्हणून मोटरला वेगळे सेल दिले आहेत. बोर्डावरून तिच्याकडे एकच वायर गेली आहे, सिग्नलची.

त्या वायरीवर मन ठेवा. दर 20 मिलिसेकंदांनी एक पल्स जाते. ती साधारण 1 मिलिसेकंदाची असली तर मोटर एका टोकाला वळते, 2 ची असली तर दुसऱ्या, दीडची असली तर मधोमध. एका पल्सपासून पुढच्या पल्सपर्यंत बोर्डावरचं 16 मेगाहर्ट्झचं घड्याळ 3 लाख 20 हजार ठोके देतं. एवढ्याशा अवधीत किती काय मावतं, ते बघा.

आता मोटर थरथरते आहे, सांगितल्या जागी थांबत नाही. "सर, प्रोग्रॅम बरोबर आहे," एक मुलगी म्हणते. ते खरंच आहे. मोटर चांगली आहे, सेलही भरलेले आहेत. सगळं ठीक, तरी काम होत नाही. या अडचणीत थोडं थांबा. मेकाट्रॉनिक्सचे बरेचसे दोष असे सांध्यातच लपतात.

तुम्हाला दोष कळला आहे: बोर्डाचा ग्राउंड आणि सेलचं निगेटिव्ह जोडलेलंच नाही. हात शिवशिवतो. वायर खोचली की काम झालं, जर्नलवर सही झाली. ती शिवशिव नीट पाहा. ही घाई मुलांची आहे की तुमची?

हात मांडीवरच राहू द्या. एवढंच विचारा: "पिन 5 व्होल्ट देते, पण ते कुठून मोजायचे?" मग गप्प बसा. ही शांतता अवघडेल. अवघडू द्या.

कुणीतरी पिन हाय करून मल्टिमीटर लावेल. काळा प्रोब बोर्डाच्या ग्राउंडवर ठेवला, तर 5. सेलच्या निगेटिव्हवर ठेवला, तर 5 दिसत नाही. व्होल्टेज नेहमी दोन बिंदूंमधलं असतं, हे त्यांनी परीक्षेत लिहून मार्क मिळवले आहेत. ते समजतं मात्र इथे.

वायर तेच जोडतील, मोटर नीट वळेल. लगेच सही करू नका. तीच वायर पुन्हा काढायला सांगा. दोष हवा तेव्हा आणता आला, हवा तेव्हा घालवता आला आणि तो का आला हेही सांगता आलं, की मग जर्नल पुढे ओढा.